धुऊन वापरायची मूत्रशोषक वस्त्रे

लघवीवर ताबा न राहणाऱ्या व्यक्तींसाठी बनवलेली, धुऊन पुन्हा वापरता येणारी कापडी साधने. शोषक पट्टी आतच शिवलेल्या चड्ड्या, चड्डीत ठेवायचे सुटे पॅड, पुरुषांसाठी पुढच्या बाजूस बसणाऱ्या खोळी आणि अंथरुणावर घालायची शोषक कापडे असे त्यांचे प्रकार आहेत. खोकताना, शिंकताना चार थेंब गळत असतील तर पातळ पट्टी पुरते. मूत्राशय एकदम रिकामे होत असेल तर तीनचारशे मिलिलिटर लघवी अर्ध्याएक मिनिटात कापडावर येते आणि सगळे गणित बदलते.

एकदाच वापरायच्या डायपरमध्ये सोडियम पॉलिअॅक्रिलेटचे कण लघवी शोषून तिचे जेल करतात. कापडी साधनाला ही वाट बंद आहे, कारण जे लघवी सोडत नाही ते धुता येत नाही. कापडाने लघवी चटकन ओढून घ्यावी, अंगाच्या भाराखाली सोडू नये, आणि धुताना मात्र सगळी सोडून द्यावी, अशी ही परस्परविरोधी मागणी असते.

त्वचेलगतचा थर बहुधा विणलेल्या पॉलिएस्टरचा असतो. सुती कापड त्वचेला बरे, ही एरवीची समजूत इथे फसते: भिजलेले सूत ओलेच राहते, तर पॉलिएस्टरचा धागा स्वतः जवळजवळ पाणी घेत नाही आणि ते खालच्या थराकडे जाऊ देतो. त्वचा ओली राहिली की नाजूक होते. त्यातच जिवाणू लघवीतल्या युरियापासून अमोनिया तयार करतात, त्वचेची स्वाभाविक आम्लता घटते आणि ती लाल होऊन सोलवटते.

मधला गाभा कापूस, व्हिस्कोज (लाकडाच्या लगद्यापासून केलेला तंतू) किंवा व्हिस्कोज-पॉलिएस्टर मिश्रणाचा, बऱ्याचदा सुयांनी तंतू गुंतवून केलेल्या नमद्यासारखा असतो. लघवी मुख्यतः तंतूंमधल्या पोकळ्यांत केशाकर्षणाने धरली जाते. व्यक्ती बसली की पोकळ्या दबतात आणि ओल वर येते. व्हिस्कोज भिजल्यावर लिबलिबीत होतो, म्हणून गाभ्याची फूग टिकवायला पॉलिएस्टर मिसळतात. सर्वांत खाली जलरोधक थर. पूर्वी तो पीव्हीसीचा असे. त्याची सळसळ शेजारच्यालाही ऐकू जाई. आता पॉलियुरेथेनचा पातळ पापुद्रा विणलेल्या कापडावर चिकटवतात. त्यातून आरपार गेलेला प्रत्येक टाका म्हणजे एक भोक, शिवाय शिलाईचा धागाच ओल काठापर्यंत ओढून नेतो. त्यामुळे गळती अनेकदा शिवणीपाशी सुरू होते.

वेष्टनावरच्या मिलिलिटरच्या आकड्यावर फार विसंबू नये. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या ११९४८-१ या १९९६ च्या मानकात संपूर्ण साधन खारट द्रावणात भिजवून, निथळवून त्याचे वजन करतात. वापरात मात्र द्रव एकाच जागी पडतो, आणि तो पसरण्याआधीच कडेने वाट काढतो. नव्या साधनाची चाचणीही अपुरी. अनेक धुलायांनंतर किती शोषण उरते, हा खरा प्रश्न.

फॅब्रिक सॉफ्टनरचा लेप तंतूंवर बसून शोषण घटवतो, तर क्लोरीनचे ब्लीच आणि इस्त्री पापुद्र्याला मारक ठरतात. ब्रिटनच्या आरोग्यसेवेत निर्जंतुक धुलाईसाठी ६५ अंश सेल्सिअसला १० मिनिटे किंवा ७१ अंशांना ३ मिनिटे असा संकेत आहे. तिथल्या संस्थांत चालायचे तर पापुद्र्याने तेवढे तापमान वारंवार सोसले पाहिजे. वाळण्याचा वेळ हा आराखडा करणाऱ्यांनी हमखास विसरायचा मुद्दा. जाड गाभा रात्रभरही दमट राहतो, म्हणून काही चड्ड्यांत तो एका कडेलाच शिवून उलगडता ठेवतात.

मॅंडी फेडर, अॅलन कॉटेंडन या संशोधकांचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा शोषक साधनांच्या रचनांचा तुलनात्मक अभ्यास २००८ मध्ये ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाला. कोणतीही एक रचना सर्वांना सरस ठरली नाही. स्त्री-पुरुष, दिवस-रात्र यांप्रमाणे पसंती बदलली. घरात कापडी, प्रवासात टाकाऊ, अशी सरमिसळ एकाच प्रकाराला धरून बसण्यापेक्षा सोयीची पडते.