बॅटरी बारा व्होल्ट दाखवते, मग विंच का ओढत नाही?

‘मीटर लावून बघितला, बॅटरी साडेबारा दाखवते. म्हणजे मोटरच गेली.’ विंच, म्हणजे रुतलेली गाडी रोप गुंडाळून ओढून काढणारं बॅटरीवरचं यंत्र, अडली की हे वाक्य हमखास ऐकू येतं, मग जीप इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसाळी चिखलात रुतलेली असो की पिकअप निफाडच्या काळ्या मातीत बसलेली. मोटर उतरवली जाते, रिवाइंड होते, नाहीतर नवी येते आणि काही दिवसांत तीही रडू लागते. कारण पुष्कळदा दोष मोटरीत नसतो, बॅटरीपासून मोटरीपर्यंतच्या वाटेत असतो. साडेबाराचा आकडा खोटा नाही, पण या वाटेबद्दल तो काहीच सांगत नाही.

द्राक्षबागायतदाराला हे पटकन कळेल. ठिबकच्या फिल्टरला दोन प्रेशर गेज असतात, एक आत येणाऱ्या पाण्यावर आणि एक बाहेर जाणाऱ्या पाण्यावर. पुढचा व्हॉल्व्ह बंद असेल तर फिल्टर कितीही चोंदलेला असला तरी दोन्ही काटे एकाच आकड्यावर उभे राहतात. व्हॉल्व्ह उघडून पाणी वाहू लागलं की बाहेरच्या बाजूचा काटा खाली येतो आणि दोन काट्यांमधला फरक फिल्टरमधली घाण दाखवतो. व्हॉल्व्ह बंद ठेवून कुणी फिल्टर तपासत नाही. विंच बंद ठेवून व्होल्ट मोजणं मात्र सर्रास चालतं.

आता आकडे बघू. डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध साधारण १ कोटी ओहम असतो, त्यामुळे मोजताना जेमतेम एक मायक्रोॲम्पिअर प्रवाह वाहतो. एवढ्याशा प्रवाहाला सडलेलं टर्मिनल आडवं येत नाही. विंचची गोष्ट वेगळी. चार टनांच्या आसपास क्षमतेची १२ व्होल्टची विंच रिकामी फिरतानाच ६० ते ८० ॲम्पिअर घेते आणि पूर्ण ओझ्यावर ४०० च्या घरात जाते. ३०० ॲम्पिअर धरून ओहमचा शाळेतला नियम लावा. सैल नटखाली ५ मिलिओहम रोध असेल, म्हणजे एका ओहमचा फक्त दोनशेवा भाग, तर तिथे दीड व्होल्ट गळतो. शिवाय त्या बोटभर जागेत ४५० वॅट उष्णता तयार होते. केबलचं आवरण लगपाशीच, म्हणजे टोकाच्या धातूच्या कडीपाशीच, वितळलेलं दिसतं ते यामुळे.

मोटर फिरू लागली की ती स्वतःही उलट दिशेने व्होल्टेज निर्माण करते आणि वेग वाढेल तसं हे उलट व्होल्टेज वाढतं. ओढायला किती ॲम्पिअर लागतील ते ओझं ठरवतं, किती वेगाने ओढलं जाईल ते व्होल्टेज ठरवतं. समजा मोटरीचा अंतर्गत रोध १० मिलिओहम आहे. ३०० ॲम्पिअरला ३ व्होल्ट तिच्या पोटातच खर्च होतात. मोटरीच्या टोकांवर १०.५ व्होल्ट पोचत असतील तर उलट व्होल्टेजसाठी ७.५ उरतात. वाटेतल्या खराब जोडांनी आणखी ३ व्होल्ट खाल्ले, तर उरतात ४.५. प्रवाह तेवढाच, ओझंही तेवढंच, पण वेग ६० टक्क्यांवर आला. जे काम एका मिनिटात व्हायचं त्याला आता शंभर सेकंद लागतात आणि वाइंडिंगमध्ये तेच ९०० वॅट तेवढा जास्त वेळ तापत राहतात. मोटर खरोखर जळते ती अशी.

याहून वाईट प्रकार सोलेनॉइडमध्ये, म्हणजे मोटरीला वीज जोडणाऱ्या चुंबकी स्विचमध्ये घडतो. रिमोटचं बटण दाबलं की त्याच्या कॉइलला वीज मिळते, प्लंजर, म्हणजे आतला सरकता लोखंडी दांडा, ओढला जातो आणि तांब्याचे जाड कॉन्टॅक्ट जुळतात. कॉइललाही त्याच पडक्या वाटेने वीज मिळत असेल तर मोटरीने ओढ घेताच व्होल्टेज कोसळतं आणि प्लंजर सुटतो. तो सुटला की प्रवाह थांबतो, व्होल्टेज परत चढतं, प्लंजर पुन्हा ओढला जातो. ऐकणाऱ्याला नुसती खडखड ऐकू येते. प्रत्येक वेळी कॉन्टॅक्ट उघडताना आर्क पेटतो आणि १०८५ अंशांना वितळणारं तांबं त्यात जागोजागी वितळतं. पुढच्या जुळणीला दोन्ही पृष्ठभाग चिकटून थिजले की बटण सोडलं तरी विंच थांबत नाही आणि रोप हूकसकट फेअरलीडवर, म्हणजे रोप बाहेर पडतो त्या चौकटीवर, येऊन आदळतो. म्हणून खडखड ऐकू आली की बटण लगेच सोडावं. बॅटरीच्या प्लसवर हाताला येईल असा, वीज पूर्ण तोडणारा मोठा आयसोलेटर स्विचही हवाच.

खरी तपासणी पाचेक मिनिटांची आहे. हातातलं कडं, अंगठी, घड्याळ आधी काढा. गाडी सौम्य चढावर ठेवा, रोप पक्क्या आधाराला बांधा आणि रोपावर गोणपाट टाका. रोपाच्या रेषेत कुणीही उभं राहू नये. मीटर डीसी व्होल्टच्या २० च्या रेंजवर ठेवा, ॲम्पिअरच्या खाचेत वायर चुकूनही नको. एक क्लिप बॅटरीच्या प्लसच्या शिशाच्या खुंटीवर लावा, क्लॅम्पवर नाही. दुसरी मोटरीच्या ज्या स्टडला, म्हणजे केबल जोडायच्या बोल्टला, प्लस पोचतो त्यावर लावा. आता हलका ब्रेक दाबून तीन-चार सेकंद ओढा. मीटर दाखवेल तेवढे व्होल्ट वाटेत गेले. मायनसच्या खुंटीपासून मोटरीच्या बॉडीपर्यंत हेच पुन्हा करा. प्लस किंवा मायनस, कुठल्याही एका बाजूला अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त पडत असेल तर वाट तुकड्यातुकड्याने मोजा. खुंटी ते क्लॅम्प ०.१ च्या आत आणि बंद कॉन्टॅक्टच्या दोन टोकांत ०.२ ते ०.३ च्या आत फरक असावा.

सापडणारे दोषही ठरलेले आहेत. मायनस चेसिसच्या रंगावरच कसलेला असतो. तो वेगळ्या केबलने थेट बॅटरीच्या मायनसवर न्यावा. लग हातोडीने ठोकून बसवलेला असतो. तो हायड्रॉलिक क्रिंपरने दाबून वर स्लीव्ह घालावी. तिसरा दोष स्वस्त वेल्डिंग केबलचा. ती ॲल्युमिनियमची निघाली तर त्याच जाडीला तांब्याच्या सुमारे १.६ पट रोध येतो. तांब्याची २५ चौरस मिलिमीटर केबल मीटरमागे ०.७ मिलिओहम देते आणि ३५ ची ०.५, त्यामुळे केबल शक्य तेवढी जाड आणि आखूड ठेवावी. मोटरीच्या स्टडवरचा नट कसताना खालचा नट दुसऱ्या पान्याने धरून ठेवा. स्टड फिरला की आतली जोडणी तुटते.

टर्मिनलवर आलेली पांढरी-हिरवी बुरशी अर्धा लिटर कोमट पाण्यात दोन चमचे खायचा सोडा घालून धुवावी, पण सेलची बुचं घट्ट बसवून, कारण सोडा आत गेला तर ॲसिड मारतो. काढताना मायनस आधी, जोडताना मायनस शेवटी. पेट्रोलियम जेली नट कसल्यावर वरून लावायची.

वाट स्वच्छ निघाली तर बॅटरीकडे वळा. चार्ज करून काही तास स्वस्थ ठेवल्यावर १२.६ च्या वर हवी. १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली. हायड्रोमीटरने एखाद्या सेलचं आपेक्षिक घनत्व बाकीच्यांपेक्षा ०.०५ ने कमी आलं तर तो सेल संपला. निफाडच्या थंडीत पहाटे तीच बॅटरी अशक्त वाटते, कारण गारठ्यात रासायनिक क्रिया मंदावते. इंजिनवर फिरून वीज देणारा अल्टरनेटर बऱ्याचदा ६०-७० ॲम्पिअरचाच असतो, ३०० ची बहुतेक गरज बॅटरीच भागवते. म्हणून इंजिन चालू ठेवावं, मिनिटभर ओढलं की थांबून मोटरीला हात लावून बघावा आणि चटका बसत असेल तर वाट पाहावी.

बॅटरी सिमेंटच्या फरशीवर ठेवली की उतरते, ही समजूत सोडून द्यावी. आजच्या पॉलिप्रॉपिलिनच्या डब्यातून वीज जमिनीत झिरपत नाही, बॅटरी स्वतःच हळूहळू उतरत असते आणि उन्हाळ्यात जास्त. बम्परला लिंबू-मिरची बांधून वाटेतला रोध कमी होत नाही. खंडेनवमीला यंत्राची पूजा करणारे आपण त्या दिवशी पाना घेऊन सगळे नटही तपासावेत. नारळ विंचपासून लांब फोडावा, त्याचं क्षार असलेलं पाणी रिमोटच्या सॉकेटमध्ये गेलं तर पिना सडतात.

क्लिकसुद्धा होत नसेल तर रिमोट, त्याचा सॉकेट, फ्यूज आणि कॉइलचं अर्थिंग बघावं. क्लिक होतं, मोटरीच्या स्टडवर व्होल्टही येतात आणि तरी ती फिरत नाही, तर कार्बन ब्रश अडकले असतील. लाकडी मुठीने केसिंगवर हलके ठोकल्यावर फिरली तर ब्रश बदलायची वेळ झाली. परमनंट मॅग्नेटच्या मोटरीवर ठोकू नये, चुंबकाला तडा जातो.

आणि रोप. विंचची छापील क्षमता ड्रमवरच्या पहिल्या थराची असते. वरच्या थरावर त्रिज्या वाढते, तेवढ्याच ओढीला जास्त ॲम्पिअर लागतात. म्हणून लांबचा आधार शोधून जास्तीत जास्त रोप सोडावा, ड्रमवर स्टीलच्या रोपाचे किमान पाच आणि सिंथेटिकचे आठ-दहा वेढे ठेवून. कप्पी घालून रोप दुहेरी केला की विंचवरचं ओझं जवळजवळ अर्ध्यावर येतं.