पाळतीची भीती आणि सोयीची भीती

ठाण्यातल्या घोडबंदर रस्त्यावरच्या नव्या गृहसंकुलांत पाहुणा आला की सुरक्षारक्षक ॲपवर नोंद करतो, रहिवाशाने मोबाइलवर मंजुरी दिली की त्याला आत सोडले जाते आणि प्रवेशद्वारापासून लिफ्टपर्यंत कॅमेरे त्याची सोबत करतात. अशा व्यवस्थेवर टीका करताना जॉर्ज ऑर्वेल यांच्या १९४९ सालच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’ या कादंबरीचा दाखला हमखास दिला जातो. दाखला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. तंत्रज्ञानामुळे माणसे एकमेकांपासून तुटतील असा इशारा देणाऱ्या डिस्टोपियन, म्हणजे भविष्यातले भयावह जग रंगवणाऱ्या, साहित्यात दोन निराळ्या भीती आहेत आणि आपण त्यांची सतत गल्लत करतो.

पहिली भीती पाळतीची. ऑर्वेल यांच्या कादंबरीतला टेलिस्क्रीन चित्रे दाखवतो आणि समोरच्यावर नजरही ठेवतो. सत्ताधारी पक्षाच्या साध्या सदस्याला तो मंद करता येतो, पूर्ण बंद करता येत नाही. मात्र पार्सन्स नावाच्या पात्राला पकडून देते ती त्याची लहान मुलगी, तीही दाराच्या किल्लीच्या भोकाला कान लावून. म्हणजे यंत्राने लावलेली संशयाची सवय यंत्र नसतानाही घरात काम करू लागलेली असते. तरीही या जगात जवळीक हवीशी आहे. नायक विन्स्टन आणि त्याची प्रेयसी ज्युलिया जिवावर उदार होऊन, टेलिस्क्रीन नाही असे त्यांना वाटणारी खोली शोधतात, कारण भेटीला मनाई आहे.

दुसरी भीती सोयीची, ती याहून जुनी आणि, माझ्या मते, आपल्या अधिक जवळची आहे. ई. एम. फॉर्स्टर यांची ‘द मशीन स्टॉप्स’ ही दीर्घकथा १९०९ साली, म्हणजे दूरचित्रवाणीही नव्हती तेव्हा, प्रसिद्ध झाली. तिच्यातली माणसे जमिनीखालच्या षट्कोनी खोल्यांत एकेकटी राहतात. अन्न, संगीत, व्याख्याने आणि हजारो ओळखी बटणांवर मिळतात. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला राहणारा कुनो आपल्या आईला, वाश्तीला, भेटायला बोलावतो. हवाई जहाज दोन दिवसांत पोहोचते आणि प्रवासाला बंदी नाही, तरी ती आपल्याला वेळ नाही असे सांगते. पडद्यावर चेहऱ्यावरचे बारकावे उमटत नाहीत, फक्त ढोबळ कल्पना येते आणि तेवढी व्यवहाराला पुरते, असे सगळ्यांनी मान्य केलेले आहे. अखेर ती निघते, तेव्हा तोल जाताना कर्मचारी स्त्रीने हात देऊन सावरले म्हणून वाश्तीला संताप येतो. येथे कोणीही कोणाला अडवलेले नाही. भेटण्याची इच्छाच वापराअभावी आटली आहे. (परदेशातल्या नातवाला व्हिडिओ कॉलवर पाहणाऱ्या आजीला या कथेत गोवणे अन्यायाचे होईल, तिला जाता येत नाही, वाश्तीला जाता येत होते.)

दोन्हींतला फरक ओळखायचा तर यंत्र बाजूला केल्यावर काय उरते ते पाहावे: ऑर्वेल यांच्या जगात टेलिस्क्रीन काढला तर विन्स्टनसारखी माणसे एकमेकांना शोधतील, फॉर्स्टर यांच्या जगात मात्र यंत्र बंद पडते तेव्हा माणसे भेदरतात, कारण स्पर्श आणि शांतता दोन्ही त्यांना परकी झालेली असतात. रे ब्रॅडबरी यांच्या १९५३ सालच्या ‘फॅरेनहाइट ४५१’मध्ये या दोन भीती एकत्र येतात. तिथे सरकार अग्निशमन दलाकरवी पुस्तके जाळते, पण त्या दलाचा प्रमुख बीटी स्पष्ट सांगतो की सुरुवात सरकारकडून झाली नाही, आणि फेबर हा वृद्ध प्राध्यापक म्हणतो की लोकांनीच वाचन सोडले. नायकाची पत्नी मिल्ड्रेड तर खोलीच्या तीन भिंतींएवढ्या पडद्यांवरच्या मालिकेतल्या पात्रांना आपले कुटुंब मानते आणि चौथ्या भिंतीवरही पडदा हवा म्हणून मागे लागते.

ठाण्यातल्या त्या गृहसंकुलाकडे पाहताना हा भेद उपयोगी पडतो. कॅमेऱ्याचे चित्रण कोण पाहते आणि ते किती दिवस ठेवले जाते, हे सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत विचारता येते आणि तसा ठरावही करून घेता येतो. समोरच्या दारातले शेजारी मात्र संक्रांतीला तिळगुळाचे चित्र व्हॉट्सॲप गटावर टाकून मोकळे होतात, आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नसल्यामुळे तो विषय सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर येत नाही.