वसईचा किल्ला : स्थलदर्शन

वसईचा किल्ला : महाराष्ट्राच्या पालघर जिल्ह्यातील तटबंदीचे जुने बंदर-शहर. उल्हास नदी समुद्राला मिळते तेथे, वसई खाडीच्या उत्तर काठावर ते वसले आहे. एके काळी तीन बाजूंना पाणी व दलदल आणि उत्तरेकडून तेवढी जमिनीची वाट अशी त्याची रचना होती. दुर्गांच्या वर्गवारीत हा भुईकोट ठरतो. काही लेखक त्याला जलदुर्ग म्हणतात, ते फारसे नेमके नाही. ‘किल्ला’ या शब्दानेच पाहणाऱ्याची थोडी दिशाभूल होते. येथे राजवाडा, सदर, अंबारखाना शोधणाऱ्याला एकामागून एक चर्चच दिसत जातात. पोर्तुगीजांच्या ‘उत्तर प्रांता’ची, म्हणजे मराठी कागदपत्रांतील फिरंगाणाची, ही राजधानी होती. तट या शहराभोवती होता आणि पाहायचे तेही शहरच.

नावाची व्युत्पत्ती संस्कृत ‘वास’ किंवा ‘वसति’ या शब्दांकडे नेतात. दोन्ही शक्य आहेत. १५१४च्या सुमारास दुआर्ते बार्बोझा या पोर्तुगीज प्रवाशाने गुजरातच्या सुलतानाचे चांगले बंदर म्हणून याचा उल्लेख ‘बशै’सारख्या रूपात केला आहे. पोर्तुगीजांनी ‘बासाईं’ आणि इंग्रजांनी ‘बॅसीन’ केले. ब्रह्मदेशातील पथेन या बंदराचे इंग्रजी नावही बॅसीनच असल्याने जुन्या इंग्रजी सूचींमध्ये दोहोंची गल्लत आढळते.

तटबंदीचा उगम हा वादाचा विषय आहे. पंधराव्या शतकाच्या आरंभी (१४१४ हे वर्ष सांगितले जाते) भोंगळे नावाच्या भंडारी सरदाराने येथे गढी बांधली, अशी परंपरा आहे. स्थानिक इतिहासात ती आवर्जून येते. तिला समकालीन लेखी आधार मात्र दाखवला जात नाही. गुजरातच्या सुलतानाच्या वतीने मलिक तुघानने १५३२च्या सुमारास केलेली तटबंदी आणि १५३३मध्ये पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्हाने तिचा केलेला विध्वंस यांना पोर्तुगीज बखरकारांचा आधार आहे. २३ डिसेंबर १५३४च्या तहाने गुजरातचा सुलतान बहादुरशहा याने वसई पोर्तुगीजांना दिली. बालेकिल्ल्याच्या दारावरील लेखात, गव्हर्नर नुनो द कुन्हाच्या आज्ञेने पहिला कप्तान गार्सिया द सा याने १५३६मध्ये हा कोट बांधला, असे म्हटले होते. ‘वसईचा किल्ला १५३६चा’ हे विधान येथूनच आले. पण ते लागू होते आतल्या लहान कोटाला. सेंट सेबॅस्टियन बुरुजावरील लेखाची तारीख २२ फेब्रुवारी १५५४ अशी नोंदवलेली आहे. म्हणजे बाहेरचा मोठा तट त्यानंतरच्या काळात टप्प्याटप्प्याने पुरा झाला, असे मानणे अधिक सयुक्तिक होय.

तटाचा आकार अनियमित दशकोनी. घेराबाबत आकडे जुळत नाहीत : जुन्या इंग्रजी वर्णनांत तो सुमारे दीड मैल (२·४ किमी), तर अलीकडच्या पर्यटन-पुस्तिकांत साडेचार किमी. क्षेत्रफळ मात्र सर्वत्र ११० एकरांच्या आसपास दिले जाते. एवढ्या जागेला पूर्ण वर्तुळाकार कुंपण घातले तरी सुमारे २·४ किमी लागते. तेव्हा दीड मैलाचा आकडा किंचित कमी असला तरी खऱ्याच्या जवळचा असावा. साडेचार किमी मोजताना काय धरले, ते कोणी सांगत नाही.

पाहणी साधारणपणे भू-दरवाजापासून सुरू होते. आत शिरताच वाट काटकोनात वळते. धावत आलेल्या शत्रूला दुसऱ्या दरवाजावर नेम धरता येऊ नये, यासाठी ही योजना. पुढे सडक थेट खाडीकडच्या सागर-दरवाजाकडे जाते आणि तिच्यावरून आजही रिक्षा जातात. वाटेत चिमाजी अप्पांचे स्मारक आणि मराठी अमदानीतील नागेश्वराचे देऊळ आहे. येणारे बहुतेक येथूनच परत फिरतात. खरे शहर सडकेच्या दोन्ही अंगांना झाडीत आहे.

खाडीच्या बाजूस सेंट जोसेफ हे मुख्य चर्च. ते १५४६च्या सुमारास उभे राहिले आणि १६०१मध्ये आर्चबिशप आलेशो द मेनेझिश यांच्या कारकीर्दीत त्याची पुनर्बांधणी झाली, असे त्यावरील लेखावरून कळते. छप्पर नाही, मनोरा दुरूनही ओळखू येतो. जेझुइटांच्या चर्चचे दर्शनी तोंड सर्वांत डौलदार : उभ्या पन्हळींचे खांब, कमानदार दार आणि वर कोरीवकाम. फ्रान्सिस्कनांच्या सेंट अँथनी चर्चमध्ये मात्र मान वर करण्याऐवजी खाली घालावी. जमिनीत पोर्तुगीज लेखांच्या थडग्यांच्या शिळा बसवलेल्या आहेत. काहींवरची अक्षरे पायांनी झिजून गुळगुळीत झाली आहेत, तर काहींवर कुलचिन्हाची ढाल बोटाने चाचपता येते. डोमिनिकन व ऑगस्टिनियन संघांच्या इमारतींचे अवशेषही आहेत. येथील घडीव दगड गोव्यापर्यंत जात असे. जुन्या गोव्यातील बॉम जेझुस बॅसिलिकेच्या दर्शनी भागासाठी तो वसईहून नेल्याचे सांगतात.

घरांविषयी फारच थोडे कळते. १६७५मध्ये आलेल्या जॉन फ्रायर या इंग्रज वैद्याने दुमजली घरे, झाकलेले सज्जे आणि खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांची तावदाने असल्याचे लिहिले आहे. तशी तावदाने गोव्यातील जुन्या घरांत अजून दिसतात. वसईत घरेच उरली नाहीत. टिकून राहिले ते धर्मसंघांचे व सरकारी बांधकाम. तटाबाहेरच्या कोळी, भंडारी, आगरी वस्तीने या शहराला काय पुरवले, याच्या खुणा दगडांत नाहीत. १५९७मध्ये नागासाकी येथे क्रुसावर मारले गेलेले आणि १८६२मध्ये संतपद मिळालेले गोन्सालो गार्सिया याच वसईचे.

१७३९चा वेढा मराठी वाचकाला सांगायला नको. स्थळ पाहताना एवढेच ध्यानात ठेवावे की हल्ल्याचा जोर उत्तरेच्या जमिनीकडील अंगावर होता आणि सुरुंगांनी भगदाड पडले ते वर उल्लेखिलेल्या सेंट सेबॅस्टियन बुरुजाच्या बाजूस. तारखांचा घोळ मात्र उलगडायला हवा. शरणागतीची तारीख कोठे ५ मे, कोठे १६ मे, आणि मराठ्यांच्या ताब्याची कोठे १२ मे, कोठे २३ मे अशी मिळते. यात विरोध नाही. पोर्तुगीज १५८२पासून ग्रेगरियन पंचांग वापरीत होते, इंग्रजांनी ते १७५२मध्ये स्वीकारले. अठराव्या शतकात दोहोंत अकरा दिवसांचे अंतर होते. मुंबईकर इंग्रजांच्या कागदांवर विसंबणारे इतिहासकार जुन्या (ज्युलियन) पंचांगाची तारीख देतात. आजच्या गणनेप्रमाणे कलमे १६ मेला ठरली आणि आठवड्याभराने, २३ मेला, पोर्तुगीज बाहेर पडले असे म्हणणे बरे.

वसईच्या घंटा हे या स्थलदर्शनाचे किल्ल्याबाहेरचे प्रकरण होय. चर्चमधील घंटा विजयानंतर देवळांना वाटल्या, असे सांगतात. नाशिकची नारोशंकराची घंटा (तिच्यावर १७२१), वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावरची घंटा (१७०७, बाळ येशूसह मरियेची आकृती) आणि भीमाशंकरची घंटा या त्यांत विशेष प्रसिद्ध. घंटेवरच्या आकड्यावरून ती ओतली केव्हा एवढेच कळते. ती कोणत्या चर्चमधून उतरवली हे नव्हे. मराठ्यांनी साष्टी १७३७मध्येच घेतली होती आणि तेथेही चर्च होती. तेव्हा प्रत्येक फिरंगी घंटा वसईचीच, असे धरून चालू नये.

पुढचा काळ थोडक्यात : १७८०मध्ये इंग्रजांच्या जनरल गॉडर्डने किल्ला घेतला, सालबाईच्या तहाने तो मराठ्यांना परत मिळाला, ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने येथेच इंग्रजांशी तह केला. पेशवाईनंतर शहर ओस पडत गेले. सध्या ते भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या संरक्षणाखाली आहे.

पश्चिम रेल्वेच्या वसई रोड स्थानकावरून बस व रिक्षा मिळतात. २०२४पासून भाईंदरहून खाडी ओलांडणारी रो-रो बोटही आहे. पावसाळ्यात रानगवत कमरेइतके वाढते व पाया दिसेनासा होतो. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा. सागर-दरवाजातून बाहेर पडले की किल्लाबंदर हा कोळीवाडा लागतो. हंगामात बांबूंच्या वलांडींवर बोंबील वाळत घातलेले असतात, आणि त्यांचा वास तटाच्या आतपर्यंत येतो.