कथाचित्र वेगळं, कन्सेप्ट आर्ट वेगळं

ड्रॅगन, राक्षस, हवेत तरंगणारे गड काढणारी हुशार पोरं कोल्हापुरात बक्कळ आहेत. कलानिकेतन किंवा दळवीजमधून शिकून बाहेर पडली, की त्यातली बरीच जण एकच पोर्टफोलिओ प्रकाशकालाही धाडतात आणि गेम स्टुडिओलाही. स्टुडिओकडून उत्तर येत नाही, तेव्हा त्यांना वाटतं आपला हात कमी पडला. खरं तर चित्रं उत्तम असतात, फक्त मागितलेलं काम ते नसतं.

कथाचित्रकाराकडे गोष्ट तयार येते. १८६७ साली कोल्हापुरात जन्मलेल्या चित्रकार म. वि. धुरंधरांनी आपल्याकडच्या व्रतांच्या कहाण्यांच्या एका इंग्रजी संग्रहासाठी चित्रं काढली. तो १९१४ मध्ये निघाला. कहाण्या ठरलेल्याच होत्या. कोणता प्रसंग चितारायचा, हे चित्रकाराचं काम. चित्र पूर्ण झालं, छापलं गेलं, वाचकानं पाहिलं.

कन्सेप्ट आर्ट म्हणजे गेम किंवा सिनेमा बनण्याआधी त्यातली पात्रं, जागा कशा दिसतील हे ठरवणारी रेखाटनं. ते वाचकापर्यंत पोचलंच पाहिजे असं नसतं. ते पुढच्या कारागिरासाठी असतं. बाबूराव पेंटर हे याचं आपल्या गावातलं मोठं उदाहरण. ‘सैरंध्री’ (१९२०) हा मूकपट करणारे बाबूराव वेशभूषा, पात्रं, त्यांच्या हालचाली आधी कागदावर रेखाटत आणि मग कॅमेऱ्याकडे वळत. आज स्टुडिओत हेच चालतं. एका राक्षसाच्या आधी नुसत्या काळ्या छायाकृती काढायच्या, ढीगभर. त्यातली एखादी निवडली जाते, बाकीच्या बाद. निवडलेल्याचं समोरून, बाजूनं, पाठीमागून रेखाटन करायचं. चिलखताचा पट्टा कुठं अडकतो, गुडघा कसा वाकतो, हे थ्रीडी मॉडेल करणाऱ्याला कळलं पाहिजे. सुंदर प्रकाशात, धुक्यात अर्धा बुडालेला राक्षस मुखपृष्ठावर शोभतो. मॉडेलवाल्याच्या तो काडीच्या उपयोगाचा नाही.

हक्कांचंही बघा. नोकरीत काढलेलं चित्र बहुधा कंपनीचं होतं. पण पैसे घेऊन सांगण्यावरून केलेल्या पेंटिंगचा पहिला मालकही, वेगळा करार नसेल तर, आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार काम देणाराच ठरतो. म्हणून मुखपृष्ठ करतानाही हक्क कुणाकडे राहणार, हे लिहून घ्याच. चित्र आपलं आहे असं सांगायचा अधिकार मात्र दोन्हीकडे चित्रकाराचाच.

पोर्टफोलिओ दोन करा. प्रकाशकाला पूर्ण झालेली, प्रसंग सांगणारी चित्रं द्या. स्टुडिओला एकाच पात्राचा छायाकृतीपासून शेवटच्या रेखाटनापर्यंतचा प्रवास दाखवा, बाद झालेल्या कल्पनांसकट.