गुडघ्याची वाटी सरकणे व त्यावरील उपचार

गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडाच्या टोकावरील खाचेतून निसटून बाजूला जाणे म्हणजे वाटी सरकणे. ती जवळजवळ नेहमीच पायाच्या बाहेरच्या बाजूला सरकते. ही दुखापत सर्वाधिक दिसते ती १० ते २० या वयात. संपूर्ण गुडघा निखळणे, म्हणजे मांडीचे व नडगीचे हाड एकमेकांपासून सुटणे, ही वेगळी आणि कितीतरी गंभीर दुखापत आहे. तीत गुडघ्यामागची मोठी रक्तवाहिनी फाटून पाय गमवावा लागू शकतो. नेमके काय सुटले आहे हे कळत नसेल, तर गुडघा ओढूताणू नये, आहे त्या स्थितीत आधार देऊन रुग्णालय गाठावे.

वाटी मांडीच्या पुढच्या स्नायूच्या कंडरेत, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीत, बसलेली असते आणि पाय सरळ करताना त्या स्नायूचा जोर वाढवते. गुडघा पूर्ण सरळ असताना ती खाचेच्या वर असते व साधारण २० ते ३० अंश वाकल्यावर खाचेत नीट बसते. तोवर तिला बाहेर जाऊ न देण्याचे काम प्रामुख्याने आतल्या बाजूचा एक पातळ अस्थिबंध, म्हणजे हाडांना जोडणारा पट्टा, करतो. डॉक्टर त्याला ‘एमपीएफएल’ म्हणतात. त्यामुळे धोक्याचा क्षण ठरलेला असतो : गुडघा किंचित वाकलेला, पाऊल जमिनीत घट्ट रोवलेले आणि वरचे अंग आत वळलेले. कबड्डीत चढाई करणारा मध्यरेषेकडे झटकन वळतो तेव्हा किंवा खो-खोत खांबाला वळसा घेताना पाऊल अडकते तेव्हा हेच घडते. नाचताना किंवा जिना उतरतानाही ते होऊ शकते. खाच जन्मतः उथळ असणे, वाटी नेहमीपेक्षा वर असणे, गुडघे आत वळलेले असणे, सांधे फार लवचिक असणे ही त्यामागची मुख्य कारणे होत.

वाटी सरकलेली व्यक्ती गुडघा वाकवून, मांडी दोन्ही हातांनी धरून बसते. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला टेंगूळ दिसते, पुढे मधोमध खळगा पडतो आणि पाय सरळ होत नाही. पुष्कळदा मात्र रुग्णालयात पोचेपर्यंत वाटी आपोआप जागेवर आलेली असते आणि उरतो तो सुजलेला, रक्ताने भरलेला गुडघा. “काहीतरी सटकलं आणि परत बसलं” एवढेच रुग्ण सांगतो. हे सांगणे मुरगळा समजून सोडून देणे ही या दुखापतीतली सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

वाटी बसवण्याची क्रिया साधी आहे, पण घाई तिला चालत नाही. रुग्णाला पाठ टेकवून अर्धवट बसवतात. मांडी खुब्यात वाकलेली राहिली की पुढचा स्नायू सैल पडतो. मग एका हाताने टाच धरून गुडघा सावकाश सरळ करत नेतात आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने वाटीच्या बाहेरच्या कडेवर आतल्या दिशेने हलका, सलग दाब ठेवतात. गुडघा सरळ होता होता वाटी खाचेत शिरते व वेदना एकदम कमी होतात. खरे काम पाय सरळ होण्याने होते, दाब केवळ साथीला असतो. वाकलेल्या गुडघ्यावर जोर लावला तर वाटीची मागची कूर्चा, म्हणजे हाडावरचे गुळगुळीत आवरण, मांडीच्या हाडावर घासून तिचा टवका उडू शकतो. वेदनाशामक दिले आणि रुग्णाला धीर दिला तर अनेकदा भूल लागत नाही. सहज बसत नसेल, किंवा वाटी बाहेरच्या बाजूला न जाता आडवी अथवा सांध्यातच अडकलेली असेल, तर प्रयत्न थांबवतात.

हाड बसवणाऱ्याकडे जाऊन तेल चोळून घेण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. सुजलेल्या गुडघ्याला ताबडतोब मालिश केल्याने रक्तस्राव वाढतो. शिवाय सांध्यात सुटलेला हाडाचा तुकडा तेथे दिसत नाही, त्याला एक्स-रे लागतो. वाटी आपोआप बसली असली तरी तो काढावाच. गुडघा फार फुगला असेल तर सुईने रक्त काढतात. त्या रक्तावर चरबीचे थेंब तरंगताना दिसले, तर आत हाडाला इजा झाली असावी असे मानून पुढे एमआरआय करतात. सुटलेला तुकडा मोठा असेल तर पहिल्याच वेळी शस्त्रक्रिया लागते.

एरवी पहिल्या वेळी शस्त्रक्रिया सहसा करत नाहीत. पूर्वी पाय सहा आठवडे प्लास्टरमध्ये ठेवत. त्याने मांडी वाळते आणि गुडघा आखडतो, म्हणून आता काही दिवस ते काही आठवडे पट्टा, बर्फ, कुबड्या आणि लवकर सुरू केलेला व्यायाम यांवर भर असतो. सुरुवात मांडी आवळून धरण्यापासून आणि पाय सरळ ठेवून उचलण्यापासून होते. पुढे अर्धे बसणे, एका पायावर तोल सांभाळणे, पायरी चढउतार हे येते. खुब्याच्या बाजूच्या स्नायूंनाही तितकेच बळ द्यावे लागते, कारण ते कमजोर असले की उडी मारून उतरताना गुडघा आत पडतो. खेळात परतण्यास साधारण तीन-चार महिने लागतात. दुखणे थांबले की व्यायामही थांबतो, हा सर्वांत मोठा अडसर आहे.

एकदा सरकलेली वाटी पुन्हा सरकण्याचे प्रमाण निरनिराळ्या अभ्यासांत १५ ते ४४ टक्के आढळले आहे. लहान वय आणि उथळ खाच असल्यास ते आणखी वाढते. वारंवार सरकत असेल तर मांडीच्या मागच्या स्नायूची कंडरा घेऊन आतला अस्थिबंध नव्याने बांधतात. वाटीची कंडरा नडगीवर जिथे रुजते तो हाडाचा उंचवटा खाचेच्या मध्यापासून २० मिलिमीटरहून अधिक बाहेर असेल, तर तो कापून आत सरकवून स्क्रूने बसवतात. हे मोजमाप आणि खाचेच्या उथळपणाची वर्गवारी फ्रान्समधील लिऑं येथील आंरी द्यझूर यांच्या कामामुळे रूढ झाली. केवळ बाहेरच्या बाजूच्या ऊती कापून सैल करण्याची जुनी शस्त्रक्रिया एकटीने पुरत नाही, असे आता मानले जाते. वाढत्या वयाच्या मुलांत नडगीवरील उंचवट्याला हात लावत नाहीत, कारण तिथली वाढीची कूर्चा दुखावली तर पाय वाकडा वाढू शकतो. हाडांची वाढ पूर्ण होईपर्यंत गरज पडल्यास अस्थिबंध तेवढा बांधतात.