ड्वार्फ फोर्ट्रेसमधील दगडांचा प्रश्न: पार्श्वभूमी

ड्वार्फ फोर्ट्रेस या संगणकीय खेळात किल्ला बांधायचा तो डोंगर पोखरून, आणि डोंगरातून निघालेल्या दगडांचे करायचे काय, हा प्रश्न खेळाडूपुढे पहिल्याच वर्षात उभा राहतो. दालने खोदून होतात, पण त्यांच्या जमिनीवर धोंडे विखुरलेले असतात. पाथरवटाला हवा असलेला दगड कुठल्या तरी दूरच्या बोगद्यात पडलेला असतो आणि तो आणण्यात बुटक्यांचे, म्हणजे किल्ल्यात राबणाऱ्या पात्रांचे, दिवसच्या दिवस जातात. ही अडचण चुकून राहून गेलेली नाही, ती खेळाच्या मूळ घडणीतच आहे. टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स या भावांनी २००२ मध्ये या खेळावर काम सुरू केले आणि ऑगस्ट २००६ मध्ये त्याची पहिली आवृत्ती सर्वांसाठी खुली केली. जगातील प्रत्येक वस्तूला स्वतःचे अस्तित्व असावे, हे त्यांचे धोरण पहिल्यापासून होते. इतर अनेक खेळांत दगड खणला की पडद्याच्या कोपऱ्यातील एक आकडा वाढतो आणि विषय तिथेच संपतो. येथे मात्र प्रत्येक धोंड्याला स्वतःची जात, वजन आणि जागा असते, आणि कोणी उचलून नेईपर्यंत तो पडल्या जागीच राहतो.

खेळाचा नकाशा चौकटींचा बनलेला असतो. सुरुवातीच्या आवृत्त्यांत खोदलेल्या चौकटीतून दगड मिळेल की नाही, हे खाणकामगाराच्या कौशल्यावर ठरत असे. नवशिक्याच्या हातून बराचसा दगड वाया जाई, तर निष्णात खाणकामगार जवळपास प्रत्येक चौकटीमागे एक धोंडा मागे ठेवी. धातूच्या शिरा खोदताना हे वरदान होते, पण साध्या खडकात दालन कोरताना तोच कुशल माणूस सर्वाधिक पसारा करून ठेवत असे. म्हणून जाणते खेळाडू धातूसाठी अनुभवी माणूस राखून ठेवत आणि साधे खोदकाम शिकाऊंकडे सोपवत. ऑक्टोबर २००७ मध्ये खेळाला उंची-खोलीची मिती मिळाली, तोवर सपाट असलेला नकाशा अनेक थरांचा झाला, आणि खोदण्याजोगा खडक कित्येक पटींनी वाढला. साठवणुकीचा नियम मात्र तोच राहिला: साठ्याच्या, म्हणजे वस्तू ठेवण्यासाठी आखलेल्या जागेच्या, एका चौकटीत एकच धोंडा. जेवढी जागा खोदून मोकळी करावी, तेवढीच जागा दगड मांडायला लागणार, असा हा हिशेब होता.

या कोंडीतून वाट काढली ती खेळाडूंनी. साठ्याच्या चौकटीला मर्यादा असली तरी कचरा टाकण्यासाठी आखलेल्या चौकटीला ती नव्हती. त्यामुळे शेकडो धोंडे ‘टाकून द्या’ अशी खूण करून एकाच चौकटीत जमवायचे, तिथे पोहोचताच त्यांच्यावर आपोआप लागणारी वापरबंदी उठवायची, आणि कार्यशाळा त्या चौकटीशेजारी थाटायची, अशी पद्धत रूढ झाली. खेळाडूंनी तिला ‘क्वांटम स्टॉकपाइल’ असे नाव दिले. ज्यांना दगड नकोच होते त्यांनी आणखी टोकाचे मार्ग धरले. जुन्या नकाशांवर अथांग दऱ्या असत आणि त्यांत लोटलेली वस्तू कायमची नाहीशी होई. २०१० च्या आवृत्तीत या दऱ्यांची जागा भूगर्भातील विस्तीर्ण गुहांनी घेतली, तेव्हा उचलता पूल खाली आदळून त्याखालचे सारे नष्ट करण्याची युक्ती अधिकच कामी येऊ लागली. या युक्त्यांना फसवणूक म्हणणारे खेळाडू आजही आहेत. मला ते म्हणणे पटत नाही, कारण उत्खननाचा वेग आणि वाहतुकीची क्षमता यांत खेळानेच एवढी तफावत ठेवली होती की ती कोणी तरी भरून काढणे भागच होते.

निर्मात्याने त्या तफावतीची दखल घेतली ती मे २०१२ मध्ये. त्या महिन्यातील आवृत्तीत एकचाकी ढकलगाडी आणि रुळांवरून धावणारी खाणगाडी आली. बुटक्याच्या चालीवर ओझ्याचा परिणाम होत असल्याने अवजड दगड वाहणारा अक्षरशः रखडत चालत असे. ढकलगाडीने तो प्रश्न जवळजवळ मिटवला. एका साठ्याला अशा तीनच गाड्या जोडता येत, आणि गाड्या जोडल्या की तिथला दगड त्या गाड्यांनीच आणला जाई, त्यामुळे मोठ्या साठ्याचा वेग गाड्यांच्या संख्येवर अडकत असे. खाणगाडीत पाच धोंडे मावतात. रुळाच्या थांब्यावर गाडी आपोआप रिकामी करण्याची सोय होती आणि ओतलेल्या मालालाही चौकटीची मर्यादा नव्हती. परिणामी क्वांटम स्टॉकपाइलची जुनी युक्ती हद्दपार होण्याऐवजी अधिक सफाईने आणि हाताने खुणा न करता चालू लागली.

याशिवाय आणखी दोन बदल झाले, आणि माझ्या मते पसारा आटोक्यात आणण्यात त्यांचा वाटा गाड्यांपेक्षा मोठा आहे. साध्या खडकाच्या चौकटीतून दगड निघण्याची शक्यता कौशल्यापासून तोडून सुमारे एक चतुर्थांश करण्यात आली, आणि एका धोंड्यातून चार घडीव चिरे मिळू लागले. चिरे पेट्यांत भरता येतात, धोंडे येत नाहीत. शिवाय चिऱ्यांचे बांधकाम लवकर उरकते. दगड घडवून ठेवणे ही त्यामुळे साठवणुकीचीच एक रीत बनली.

सरसकट सगळा दगड अडगळ मानणे मात्र महागात पडते. चुनखडी, डोलोमाइट, खडू, कॅल्साइट आणि संगमरवर यांपैकी एकही नसेल तर पोलाद होत नाही. हेमॅटाइट, मॅग्नेटाइट आणि लिमोनाइट यांतून लोखंड निघते. मॅग्माजवळची (भूगर्भातील वितळलेल्या खडकाजवळची) यंत्रे टिकवायची तर न वितळणारा दगडच लागतो. पोलाद आणि लोखंड यांना लागणाऱ्या अशा दगडांची यादी खेळ वेगळी राखतो आणि खेळाडूने मुभा दिल्याखेरीज पाथरवट त्यांना हात लावत नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये किटफॉक्स गेम्स या प्रकाशकाने स्टीम या ऑनलाइन खेळविक्रीच्या दुकानावर आणलेल्या आवृत्तीत चित्रे आली आणि माऊसने खेळणे शक्य झाले, त्यामुळे साठे आखणे आणि खुणा करणे बरेच सोपे झाले. हजारो सुट्या वस्तूंचा भार संगणकावर पडून जुन्या किल्ल्यांचा वेग मंदावतो, ही तक्रार मात्र त्या आवृत्तीतही राहिली, आणि कचऱ्याची अमर्याद चौकटही तशीच राहिली.