नानकटाईची भाकरी होते तेव्हा

वसुबारसेच्या रात्री साडेदहा वाजता मी ओटीजीच्या, म्हणजे घरगुती विजेच्या ओव्हनच्या, काचेसमोर उकिडवा बसलो होतो. आत सोळा नानकटाया, पेढ्यासारख्या गोल वळलेल्या, प्रत्येकीच्या डोक्यावर बदामाचा एक काप. सातव्या मिनिटाला त्या खचल्या. दहाव्या मिनिटाला शेजारणी-शेजारणी एकमेकींना टेकल्या. बाराव्या मिनिटाला ट्रेमध्ये एकच चौकोनी भाकरी होती आणि तिच्यावर सोळा बदाम. आई मागून येऊन वाकून बघत म्हणाली, "अरे, तूप पघळलेलं घेतलंस का?"

मला बेकिंगची हौस नाही, हे आधीच सांगून टाकतो. फराळाची वाटणी झाली तेव्हा चकली आईकडे गेली, करंज्या आणि चिवडा बायकोकडे. मग "एवढा ओव्हन आणलाय तर वापरा की जरा" या न्यायाने नानकटाई माझ्या गळ्यात पडली. त्या रात्री छातीत जी धडधड होत होती ती एका बिस्किटाच्या मानाने जरा जास्तच होती. चार-पाचशे रुपयांचं तूप वाया गेल्याची म्हणावी, तर मंडईत त्याहून जास्त पैसे मी हसत घालवलेले आहेत. मग ही धडधड कसली?

आईच्या चकल्या बघताना उत्तराचा एक धागा सापडला. तिचा पहिला घाणा दरवर्षी बिघडतो. चकली तेलात विरघळायला लागली तर मोहन जास्त झालंय, मग ती थोडी भाजणी मळते. कडक झाली तर उलटा उपाय. तिसऱ्या घाण्याला चकली सरळ होते आणि आई गुणगुणायला लागते. तळणीत, फोडणीत, पाकात पदार्थ आपल्याशी बोलत असतो आणि आपण मधे पडू शकतो. ओव्हनमध्ये मात्र सगळा माल एकदम आत जातो आणि दार बंद होतं. पुढची वीस मिनिटं नुसतं बघायचं.

ताणाचा अभ्यास करणाऱ्यांना ही परिस्थिती ओळखीची वाटेल. १९९३ साली जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठातल्या संशोधकांनी प्रयोगशाळेत माणसाला हमखास ताण देण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. नोकरीच्या मुलाखतीला आल्यासारखं पाच मिनिटं स्वतःबद्दल बोलायचं, मग पाच मिनिटं १०२२ मधून १३-१३ वजा करत तोंडी मोजायचं. चुकलात की पुन्हा १०२२ पासून. समोर परीक्षक बसलेले, आणि त्यांना सक्त सूचना, की चेहऱ्यावर काहीही दिसू द्यायचं नाही. एवढ्याने बहुतेकांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणात शरीर सोडतं ते संप्रेरक, चांगलंच वाढतं. पुढे २००४ मध्ये सॅली डिकरसन आणि मार्गारेट केमेनी या मानसशास्त्रज्ञांनी अशा २०८ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. कॉर्टिसॉल सर्वांत जास्त कधी उसळतं? जेव्हा दोन गोष्टी एकाच वेळी असतात: दुसरं कुणीतरी आपल्याला जोखतंय, आणि निकाल आपल्या हातात नाही.

भाऊबीजेच्या ताटातली नानकटाई या दोन्ही अटी पूर्ण करते. ओव्हनचं दार दुसरी अट पुरवतं आणि आमची आत्या पहिली. ट्रिअरच्या परीक्षकांना निर्विकार राहायला शिकवावं लागलं. पुण्यात ती उपजत कला आहे. आत्या घास चावते, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघते आणि फार झालं तर "बरी झालीये" म्हणते. ही आमच्याकडची सर्वोच्च पदवी.

यात वेळेचा एक गमतीदार योग आहे. भीती वाटताच ॲड्रेनलिन हे दुसरं संप्रेरक काही सेकंदांत रक्तात उतरतं, पण कॉर्टिसॉलला मेंदूपासून मूत्रपिंडावरच्या ग्रंथींपर्यंत निरोप जावा लागतो. ताण सुरू झाल्यापासून साधारण वीस-तीस मिनिटांनी ते टिपेला पोचतं. नानकटाई भाजायला लागतात पंधरा-वीस मिनिटं. म्हणजे ट्रे बाहेर येतो साधारण तेव्हाच कॉर्टिसॉलही टिपेला येत असतं. आणि गरम नानकटाई बोटाला मऊ लागते, कारण तिच्यातलं तूप तेव्हा पातळच असतं. ती निवल्यावर, म्हणजे पंधरा-वीस मिनिटांनी, खुसखुशीत होते. घाबरलेला माणूस ती मऊ लागली की "कच्चीच आहे" म्हणून ट्रे परत आत ढकलतो. नानकटाया करपतात त्यातल्या बऱ्याच अशा करपत असाव्यात, असा माझा आपला तर्क.

दार बंद झाल्यावर ताबा नसेल, तर तो दाराच्या अलीकडे शोधायला हवा. तिथे आईचा प्रश्न उभा होता: तूप.

तूप पाण्यासारखं एका ठरावीक तापमानाला वितळत नाही. त्यात निरनिराळ्या मेदाम्लांपासून बनलेले अनेक प्रकारचे मेद असतात आणि प्रत्येकाचा वितळण्याचा बिंदू वेगळा. म्हणून २० अंशांना तुपाचा साधारण पाचवा हिस्सा घन असतो आणि बाकीचं तेल त्या स्फटिकांच्या जाळीत अडकून राहतं. बोटाला लागतं ते मऊ, रवाळ तूप ते हेच. तिशीला आल्यावर घन भाग जेमतेम उरतो, आणि शरीराच्या तापमानाला तूप पूर्ण पातळ होतं. आता पुण्याचा ऑक्टोबर आठवा. पहाटे पांघरूण लागतं आणि दुपारी पारा तिशीच्या वर. एकच बरणी सकाळी सात वाजता वेगळी आणि दुपारी तीन वाजता वेगळी. रेसिपीत मात्र दोन्ही वेळा "एक वाटी तूप" एवढंच लिहिलेलं असतं. मी दुपारी ओट्यावर काढून ठेवलेलं तूप घेतलं होतं आणि वर तळहाताने अर्धा तास फेसलं होतं. तळहाताचं तापमान बत्तीस-तेहतीस अंश. म्हणजे फेसतोय असं वाटत होतं, प्रत्यक्षात मी ते वितळवत होतो.

तूप फेसायचं कशासाठी? घन स्फटिकांच्या जाळीत हवेचे बारीक बुडबुडे धरून ठेवता येतात. पिठीसाखरेचे कण ती हवा आत ओढून न्यायला मदत करतात. ओव्हन नवे बुडबुडे जवळजवळ तयार करत नाही, तो आधीचेच फुगवतो. पातळ तुपात बुडबुडे टिकत नाहीत, मग ओव्हनला फुगवायला काही उरत नाही. तुपाचं दुसरं काम मैद्याला पाण्यापासून लांब ठेवायचं. मैद्यातली प्रथिनं पाणी मिळालं की ग्लूटेनचं चिवट जाळं विणतात. पोळीला ते हवं असतं, नानकटाईला नको. तुपाचा लेप बसलेल्या कणांना ते जाळं विणता येत नाही, म्हणून नानकटाई दाताखाली भुगा होते. लोण्यात सुमारे १६ टक्के पाणी असतं, तुपात जवळजवळ नाहीच. तूप-मैद्याची नानकटाई बटरच्या बिस्किटापेक्षा जास्त भुसभुशीत लागते, त्यात याचा वाटा मोठा.

आणि भाकरीचं रहस्य? ट्रे आत गेल्यावर एक शर्यत सुरू होते. एकीकडे तूप पातळ होऊन गोळ्याला पसरवत असतं, दुसरीकडे पीठ तापून, सुकून आकार धरत असतं. आकार धरण्याआधी पसरणं जिंकलं की भाकरी. वळलेल्या नानकटाया वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवल्या की तुपाला शर्यतीत उशिरा सोडल्यासारखं होतं. ओव्हन नीट तापलेला असला की पिठाला वेग मिळतो.

ओव्हन नीट तापलाय हे कळणं हाच वेगळा विषय आहे. ओटीजीत इस्त्रीत असते तशीच पट्टी असते: दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटवलेले. तापल्यावर एक जास्त प्रसरण पावतो, पट्टी वाकते, वीज तुटते. निवली की पुन्हा जोडते. म्हणजे "१८०" हा आकडा म्हणजे एक झोका आहे. मी ओव्हनमध्ये ठेवायचा साधा थर्मामीटर आणून बघितलं, तर माझा काटा १६५ ते २०५ मध्ये फिरत होता. ओव्हनवरचा दिवा पहिल्यांदा विझतो तेव्हा आतली हवा तापलेली असते, पत्रा नाही. दिवा दोन-तीनदा विझून लागू द्यावा. त्यातून दिवाळीच्या संध्याकाळी व्होल्टेज उतरलं तर आणखी वेळ. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे २३० चे २०७ झाले, म्हणजे फक्त दहा टक्के उतरले, तरी कॉइलची ताकद जवळपास १९ टक्क्यांनी कमी होते.

आमच्या सोसायटीत एक लाडकं स्पष्टीकरण असतं, की पुणे उंचावर आहे म्हणून केक बसतो. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे. इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. एवढ्याने नानकटाईचं काही बिघडत नाही. सह्याद्रीला दोष देऊ नये.

सोडा मात्र खरोखर जपून घालावा. खायचा सोडा तापला की त्यातून कार्बन डायऑक्साइड आणि वाफ निघते, आणि मागे सोडियम कार्बोनेट उरतं, म्हणजे चक्क धुण्याचा सोडा. जास्त झालेल्या सोड्याची साबणासारखी चव येते ती त्याची. चमचाभर दही घातलं की आम्लाशी संयोग होऊन हे शिल्लक राहणं कमी होतं. शिवाय सोड्याने अल्कधर्मी झालेल्या पिठात मेलार्ड अभिक्रिया लवकर होते. साखर आणि प्रथिनं मिळून बदामी रंग आणि भाजल्याचा वास देणारी ही अभिक्रिया फ्रेंच रसायनतज्ज्ञ लुई-कामीय मेलार्ड यांनी १९१२ मध्ये मांडली. म्हणून चिमूटभर सोडा जास्त पडला की नानकटाई आतून शिजण्याआधीच वरून लाल दिसते आणि आपण फसतो.

आईच्या लहानपणी या भानगडी नव्हत्या. रवा, मैदा, तूप, पिठीसाखर पिशवीत घालून बेकरीवर जायचं, नंबर लावायचा आणि भट्टीतून भाजून आलेल्या नानकटाया पत्र्याच्या डब्यात भरून घरी आणायच्या. विटांच्या जाड भिंती इतकी उष्णता साठवतात, की दार दहादा उघडलं तरी भट्टीला फारसं कळत नाही. माझ्या ओटीजीचा पातळ पत्रा दार एकदा उघडलं तरी दचकतो. भट्टीची दुसरी सोय शास्त्रापेक्षा मोठी होती: बिघडलं तर भट्टीवाल्याच्या नावाने बोटं मोडता येत. जोखणारे होते, पण जोखला जाणारा दुसराच होता.

धनत्रयोदशीला मी पुन्हा बसलो, पण सकाळी सहाला. परात थंड पाण्याच्या घमेल्यात ठेवली, तळहाताऐवजी लाकडी डाव घेतला. वाट्या बाजूला सारून मैदा काट्यावर तोलला, कारण दाबून भरलेल्या आणि भुरभुरून भरलेल्या वाटीत सहज वीस टक्क्यांचा फरक पडतो. मग आईच्या पहिल्या घाण्याची नक्कल केली: अख्ख्या ट्रेमध्ये फक्त एक नानकटाई ठेवली. वीज वाया गेली, मान्य. पण ती किंचित पसरली हे कळलं, उरलेल्या पिठात दोन चमचे मैदा आणि रवा वाढवता आला, आणि बाकीच्या आत गेल्यावर मी चक्क पेपर वाचला. बाहेर काढल्यावर बोट लावलं नाही, ट्रे खिडकीत ठेवून अंघोळीला गेलो.

भाऊबीजेला आत्याने एक उचलली. चावली. कॅलेंडरकडे बघितलं. मग विचारलं, "तूप कसं घेतलंस?"

मी उत्साहाने सुरू झालो. मेदाम्लं, स्फटिकांची जाळी, २० अंशांना पाचवा हिस्सा घन. तिने दुसरी उचलेपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "थिजलेलं होतं म्हण ना मग."